विंचवाचे बिऱ्हाड आणि विंचवाचे दप्तर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे, आणि ही म्हण प्राणिशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. कारण विंचवाची मादी अंडी घालीत नाही, ती जिवंत पिलांना जन्म देते, आणि ती पांढुरकी, मऊ कातडीची पिले पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून राहतात. ज्या कोणा शेतकऱ्याने बांधावरचा दगड उलथताना हे प्रथम पाहिले, त्याची नजर निःसंशय चांगली होती. परंतु त्याच खेड्यांतून, ही पिले आईची पाठ कुरतडून तिला खाऊन टाकतात आणि मगच जगात बाहेर पडतात, हा समजही तितक्याच निष्ठेने जपला गेला, आणि तो साफ चुकीचा आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करून, प्रत्येक प्राण्याला त्याचे नाव, त्याचे लक्षण आणि त्याचा मुलूख नेमून देण्याचे काम ज्या शास्त्राकडे आहे, त्या वर्गीकरणशास्त्राची, आणि त्यातही विंचू, कोळी, गोचीड इत्यादी अष्टपाद प्राण्यांच्या वर्गीकरणाची, आपल्याकडे जी आबाळ चालली आहे, तिच्याविषयी येथे लिहावयाचे आहे. हा विषय चार हौशी मंडळींचा आहे, अशी वाचकांची समजूत असेल, तर ती बदलावी, एवढीच या लेखामागची इच्छा.

अष्टपाद हा स्वतंत्र वर्ग आहे, हे युरोपीय शास्त्रज्ञांच्याही फार उशिरा ध्यानात आले. लिनिअसने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कोळी आणि विंचू यांना पंखहीन कीटकांच्या कोठारात, खेकड्यांच्या शेजारी, ढकलून दिले होते. त्यांना तेथून बाहेर काढून स्वतंत्र आसन दिले ते लामार्कने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. कीटकाला सहा पाय, दोन शृंगिका आणि शिर, वक्ष व उदर असे तीन भाग. अष्टपादाला आठ पाय, शृंगिका मुळीच नाहीत, पंख नाहीत, आणि शिर व वक्ष एकरूप होऊन देहाचे दोनच भाग. गंमत अशी की, प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा शक लिनिअसच्या त्या 1758 च्या ग्रंथापासून मोजतात, त्यापूर्वीचे कोणतेही नाव ग्राह्य धरीत नाहीत. परंतु या कडक नियमाला जो एकमेव अपवाद नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने मान्य केला आहे, तो कोळ्यांच्या एका पुस्तकाचा आहे. ते पुस्तक 1757 साली स्वीडनमध्ये कार्ल क्लर्क याने प्रसिद्ध केले होते. हा क्लर्क पैशाच्या अडचणीमुळे विश्वविद्यालय अर्ध्यावर सोडून सरकारी चाकरीत शिरलेला आणि पुढे स्टॉकहोम शहराच्या कारभारात रुजू झालेला गृहस्थ होता. दप्तराच्या कामाची सवय असलेल्या माणसाने कोळ्यांचेही दप्तर चोख ठेवावे, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता हे दप्तर प्रत्यक्ष माणसाच्या जीविताशी कसे येऊन भिडते, याचा दाखला शोधण्यासाठी स्वीडनला जाण्याचे प्रयोजन नाही. तो रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून दाखल झाले, तेव्हा विंचूदंश झालेली धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले, दंशाच्या वेदनेने नव्हे, तर काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरून आणि हृदय खचून मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून जे टिपून ठेवले, त्यातून असे दिसले की, दंशानंतर उलट्या, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पूर्वसूचना असतात. हे निरीक्षण 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आणि 1986 साली त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या, मूळच्या रक्तदाबावरील, स्वस्त गोळीचा उपयोग नोंदविला. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि पोटॅशियमचे मार्ग अडविते, त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो. प्राझोसिन नेमका तो आवळलेला फास सैल करते. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे जे प्रमाण शेकडा तीस किंवा त्याहूनही अधिक सांगितले जात असे, ते शेकडा एकाच्या आसपास उतरले. पुढे, हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवावरील प्रतिविष लस प्राझोसिनला जोडून दिली असता रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही बावस्कर दांपत्याने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत दाखवून दिले. 2022 साली शासनाने बावस्करांना पद्मश्री दिली.

या हकिकतीची वैद्यकीय बाजू आता पुष्कळांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. बावस्करांच्या 1982 च्या लेखाच्या मथळ्यातच ‘तांबडा विंचू’ असा स्पष्ट निर्देश आहे. नुसता विंचू नव्हे, तांबडा विंचू. काळाकभिन्न, थोराड, जाडजूड चिमट्यांचा जो विंचू पाहून माणूस चार पावले मागे सरतो, आणि ज्याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात, त्याचे विष बहुधा वेदनेपलीकडे जात नाही. आणि दोन-तीन इंच लांबीचा, बारीक चिमट्यांचा, जाड शेपटीचा, दिसायला किरकोळ असा तांबडा विंचू मात्र मूल मारू शकतो. दोहोंची एकाच शब्दाखाली नोंद केली असती, तर लक्षणांचा कोणताही मेळ लागला नसता. दहापैकी काही रुग्ण आपोआप बरे होतात आणि काही मरतात, एवढाच निष्कर्ष निघाला असता आणि बरे झालेल्यांचे श्रेय मांत्रिकाने घेतले असते. मांत्रिकाची प्रतिष्ठा काळ्या विंचवाने टिकविली आणि तिची किंमत तांबड्या विंचवाने वसूल केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि हा तांबडा विंचू वेगळा आहे, हे ठरविले कोणी? लिनिअसचा शिष्य फॅब्रिसिअस याने 1798 साली त्याला ‘टॅम्युलस’ हे जातिनाम दिले, आणि ते आजतागायत कायम आहे. बदलत गेले ते त्याच्या मागचे प्रजातीचे नाव. जुन्या लेखांत तो ब्यूथस आहे, नंतरच्या लेखांत मेसोब्यूथस, आणि अलीकडे हॉटेन्टोटा. ज्याला या बदलांचा माग ठाऊक नाही, तो या विंचवाविषयीचे निम्मे वाङ्मय पाहण्यास मुकेल. जमिनीचा गट क्रमांक बदलला की तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद पडते, आणि ती नोंद नसेल तर मालकीच सिद्ध होत नाही. प्राण्याच्या नावांचेही तसेच आहे, आणि तेथला तलाठी म्हणजे वर्गीकरणतज्ज्ञ. पुढे 1900 साली आर. आय. पोकॉक याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत हिंदुस्थानातील अष्टपादांचा जो खंड सिद्ध केला, त्यात या तांबड्या विंचवाच्या पोटात कोकणच्या नावाचा एक आणि गुजरातच्या नावाचा एक, असे उपप्रकारही दाखविले. ते वेगळे मानावेत की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; परंतु त्यानंतर शंभर वर्षांनी पश्चिम भारतातील आणि दक्षिण भारतातील तांबड्या विंचवांचे विष तपासले असता त्यांतील प्रथिनांत खरोखरच फरक आढळला, ही गोष्ट प्रतिविष तयार करणाऱ्यांनी दुर्लक्षिण्यासारखी नाही. कोणत्या भागातल्या विंचवाचे विष घोड्याला टोचून लस करावयाची, हा प्रश्न अखेर पोकॉकच्या दप्तरापाशीच येऊन थांबतो.

पोकॉकने हे काम लंडनच्या म्युझियममध्ये बसून केले, आणि त्याला नमुने पुरविण्यात 1883 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा वाटा मोठा होता. सोसायटीचे चिटणीस फिप्सन यांच्या नावाने त्याने एका विंचवाचे नामकरणही केले आहे, आणि साताऱ्याच्या नावाचा विंचूही त्याच्याच यादीत सापडतो. व्यवस्था अशी होती की, जिन्नस आमचा, नाव त्यांचे आणि मूळ नमुना कायमचा त्यांच्या कपाटात. ही व्यवस्था पालटण्याचे श्रेय 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाला, आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्याच्या पुण्यातील केंद्राला जाते. तेथे बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तवडे यांनी मिळून भारतातील विंचवांवर सिद्ध केलेला खंड 1983 साली प्रसिद्ध झाला, आणि विंचवावर काम करणारा कोणीही अद्याप तो उघडल्यावाचून पुढे जात नाही. टिकादरांनी कोळ्यांवरही खंड लिहिले. त्यांच्या काही निर्णयांत पुढच्या पिढीने दुरुस्त्या केल्या. पण ज्या दप्तरात दुरुस्ती होत नाही ते दप्तर मेलेले असते, आणि दुरुस्त करावयाला मुळात काही लिहिलेले असावे लागते.

हे काम कशा प्रकारचे असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला क्वचितच असते. विंचू ओळखावयाचा म्हणजे त्याचा रंग पाहावयाचा, असे आपल्याला वाटते. वस्तुतः रंग हा सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार आहे. विंचवाच्या पोटाखाली, शेवटच्या पायांच्या मागे, कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी तो जमीन चाचपतो. त्या कंगव्यांचे दाते मोजावे लागतात. त्याच्या चिमट्यांवर वाऱ्याची झुळूक टिपणारे अतिशय बारीक संवेदी केस असतात, त्यांच्या मांडणीचा नकाशा सूक्ष्मदर्शकाखाली काढावा लागतो. कोळ्याची तऱ्हा तर याहून अवघड: नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादाच्या टोकाची घडण आणि मादीच्या जननांगाची आतली रचना उकलून पाहिल्यावाचून कित्येक कोळ्यांची जात सांगताच येत नाही, आणि जुन्या वर्णनांत पुष्कळ जाती केवळ एका लिंगाच्या एखाद्या नमुन्यावर आधारलेल्या असल्यामुळे, तिचा जोडीदार म्हणून कोणाला उभे करावयाचे हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. हल्ली हातोहाती कॅमेरे झाले आहेत आणि फोटो टाकला की यंत्र नाव सांगते, मग या कष्टांचे प्रयोजन काय, असे विचारणारे भेटतात. यंत्र जे सांगते ते कोणीतरी आधी ठरवून दिलेले असते, आणि जी जात कोणी ठरविलेलीच नाही तिच्यापुढे यंत्रही नांगी टाकते. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीविषयीही हेच म्हणता येईल: ती दोन नमुने वेगळे आहेत हे सांगेल, पण त्यांतला कोणता फॅब्रिसिअसचा, हे सांगण्यास कपाटातला नावानिशी ठेवलेला नमुनाच लागतो.

विंचू शोधण्याचे काम मात्र मोठे चमत्कारिक आणि, खरे सांगावयाचे तर, रमणीय आहे. अतिनील प्रकाशात विंचवाचे कवच हिरवट-निळ्या तेजाने चमकते. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच टणक होऊ लागले की तेज येते. ही चमक विंचवाला कशासाठी हवी, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. पण अतिनील दिवा घेऊन रात्री माळावर फिरणाऱ्या संशोधकाला तिचा उपयोग पुरेपूर झाला आहे, आणि मुंबईसारख्या शहराच्या पोटातसुद्धा नव्या जाती निघाल्या आहेत. झीशान मिर्झा व राजेश सानप या तरुण अभ्यासकांनी 2010 साली आरे वसाहतीतून एका नव्या विंचवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला आरेचेच नाव दिले. ठाणे-कल्याण परिसरातून 2021 साली वर्णिलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला, मुंबईवरील हल्ल्यात कसाबला पकडताना धारातीर्थी पडलेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. जगातील ज्ञात कोळ्यांची संख्या 2022 साली 50,000 च्या पार गेली. तीत आपल्या दोन-चार तालुक्यांनी घातलेली ही भर अशा मंडळींच्या हातून झाली की, त्यांच्यातील कित्येकांना या कामाचा पगार कोणी देत नाही.

येथे एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील की, कोळ्यांना नावे देण्यासाठी सार्वजनिक खजिन्यातून पैसा का खर्चावा, त्यात एखादे रुग्णालय का बांधू नये? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णालयातच सापडते. 1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा त्या रोगाचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने. परंतु विषाणू सापडून अर्धेच काम झाले होते. जंगलातील पाचोळ्यावर जे असंख्य गोचीड सापडतात, त्यांच्या जाती एकमेकींपासून निवडून काढून, त्यांतली कोणती जात आणि तिची कोणती अवस्था माणसाला चावते, हे ठरवावे लागले. ते ठरले म्हणूनच आज आपल्याला सांगता येते की, त्या जातीच्या गोचिडांची बारीक पिलावळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात असते आणि धोका त्या महिन्यांत आहे. हाच माकडताप 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि त्यापुढील वर्षी सिंधुदुर्गात येऊन पोहोचला, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी तो भोगला. विदर्भात ज्या स्क्रब टायफसची बातमी अधूनमधून वाचावयास मिळते, तो पसरविणारे चिगर हेही अष्टपादच, डोळ्यांना दिसतील न दिसतील इतके बारीक. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतो आणि ज्याच्यावर फवारणी करून थकतो, तोही याच कुळातला. आणि भाताच्या खाचरात तुडतुडे खाऊन शेतकऱ्याचे फुकट काम करणारा खरा कोळी त्याच फवारणीने मरतो, मग तुडतुडे अधिक जोमाने परततात. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ओळखण्याआधी विष शिंपडणे, हे आपल्या शेतीचे धोरण होऊन बसले आहे.

या पार्श्वभूमीवर आपली विश्वविद्यालये काय करीत आहेत? एके काळी पदवीच्या वर्गात विंचू हा अभ्यासाचा नेमून दिलेला प्राणी होता. पॅलॅम्निअस या त्याच्या जुन्या नावाने विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याची पुस्तकाच्या पानांसारखी पडदेदार फुफ्फुसे वहीत रेखाटली. प्राण्यांची कापाकापी बंद करण्याचे धोरण आले, ते दयेच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु विच्छेदनाबरोबर नमुना हाताळण्याची सवयही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. विभागांतील संग्रहालयांचे अल्कोहोल उडून गेले, बाटल्यांवरील चिठ्ठ्या गळून पडल्या, आणि चिठ्ठी गळालेला नमुना म्हणजे केवळ मेलेला प्राणी. सेवानिवृत्त वर्गीकरणतज्ज्ञाची जागा भरण्याऐवजी ती दुसऱ्या, अधिक झगमगत्या शाखेकडे वळविण्याची वहिवाट पडली. दरम्यान 2020 साली आपल्या थोराड काळ्या विंचवांची फेरतपासणी होऊन त्यांतील काहींसाठी दख्खनच्या नावाने डेक्कनोमेट्रस ही नवी प्रजाती स्थापन झाली. ती मांडणी बाहेरदेशच्या संशोधकांनी केली. त्यांचे काम उत्तम आहे आणि त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दख्खनमधल्या विश्वविद्यालयांविषयी.

माझी तजवीज फार मोठी नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक विश्वविद्यालयात अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी निदान एक कायम जागा असावी, आणि ती रिक्त झाल्यास दुसरीकडे वळविण्यास मनाई असावी. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला येथील चार कृषी विद्यापीठांत कीडशास्त्राबरोबर कोळ्यांचे संग्रह सांभाळणारा माणूस असावा. जंगलात नमुना गोळा करण्याची परवानगी मागणाऱ्या प्रामाणिक अभ्यासकाचा अर्ज टेबलाटेबलावर न रखडता, हुकूम ठराविक मुदतीत मिळावा. विषारी प्राणी विलायतेच्या हौशी बाजारात चोरून नेणारा परवानगी मागावयास येत नाही, हे परवानगी देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. आणि सर्वांत सोपे असे एक काम आरोग्य खात्याने करावे: ज्या ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाचे रुग्ण येतात, तेथे नातेवाइकांनी मारून आणलेला विंचू कचऱ्याच्या डब्यात न टाकता, अल्कोहोलच्या बाटलीत गाव आणि तारीख लिहून ठेवावा आणि वर्षातून एकदा ते खोके पुण्याला सर्वेक्षणाच्या केंद्राकडे रवाना करावे. दहा वर्षांत कोणत्या तालुक्यात कोणता विंचू चावतो, याचा असा जमाखर्च हाती येईल की, प्रतिविष कोठे किती पाठवावे याचा अंदाज घेण्यासाठी पंचांग पाहावे लागणार नाही.

वाचकांकडेही एक मागणे आहे. घरात कोणाला विंचू चावलाच, तर उतारा करणाऱ्याकडे न जाता प्रथम रुग्णालय गाठा, आणि उलट्या, घाम किंवा हातपाय गार पडणे दिसले तर एक क्षणही दवडू नका. मारलेला विंचू बाटलीत घालून सोबत न्या, आणि तो तांबडा होता की काळा, हे डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच त्यांना सांगा.